पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरची बॅटरी का बसते?



मृग बरसला, रानाला वापसा आला, पेरणीयंत्र जोडून झालं. चावी फिरवली, तर ट्रॅक्टर नुसता कट्ट आवाज करतो! नांदेड-लातूरकडच्या शिवारात असं कुणावर ना कुणावर बेततंच. वापसा काही आपल्यासाठी थांबत नाही. सोयाबीनची पेरणी लांबते ती एका बॅटरीपायी. म्हणून बॅटरीच्या पोटात काय चालतं आणि तिला कसं सांभाळावं, ते आज पाहू.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. एकेक कप्पा म्हणजे एक सेल, सुमारे दोन व्होल्टचा. सेलमध्ये दोन जातीच्या पट्ट्या असतात. धन पट्टी तपकिरी, शिसे आणि प्राणवायूच्या संयुगाची. ऋण पट्टी राखाडी, भुसभुशीत शिशाची. त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मधे बारीक छिद्रांचा पडदा, आणि सगळं बुडालेलं असतं पाणी मिसळलेल्या गंधकाच्या तेजाबात, म्हणजे ॲसिडमध्ये.

चावी फिरवली की ऋण पट्टीतून विजेचे कण निघतात आणि तारेनं, स्टार्टरमधून, धन पट्टीवर पोचतात. बाहेरचा रस्ता तारेचा, आतला ॲसिडचा. दोन्ही चालू असले तरच वीज वाहते. जोडीतला एक बैल बसला की औत थांबतं, तसंच हे.

वीज खर्च होताना ॲसिडमधला गंधकाचा अंश दोन्ही पट्ट्यांवर थर होऊन बसतो आणि ॲसिड पातळ होतं. चार्जिंग केलं की थर सुटून ॲसिडमध्ये परत जातो. पण उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच पडली, तर थर कडक होतो आणि मग सुटत नाही. रब्बीनंतर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी अशीच मरते.

तेव्हा एवढं करावं:

१. उन्हाळ्यात पारा चाळिशीवर गेला की दर पंधरवड्याला बुचं काढून बघा. पट्ट्या उघड्या पडू देऊ नका.

२. पातळी कमी झाली तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरच्या पाण्यातले क्षार पट्ट्या खराब करतात. ॲसिडही घालू नका. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

३. पाणी घालण्याआधी हायड्रोमीटरनं ॲसिड मोजून घ्या. भरलेल्या बॅटरीत आकडा १.२५ च्या आसपास असतो. १.२० च्या खाली गेला तर चार्ज करा.

४. ट्रॅक्टर उभाच असेल तर महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण चार्ज करा. पाच मिनिटं इंजिन चालवून ती भरत नाही.

५. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा चुरा खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं धुवा. ते पाणी बुचातून आत जाऊ देऊ नका. कोरडं करून, तारा घट्ट बसवून वर व्हॅसलीन लावा.

६. चार्ज होताना पेट घेणारा वायू निघतो. जवळ बिडी-काडी नको. ॲसिड अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर धूत धूत दवाखाना गाठा.

ज्या बॅटरीला बुचं नाहीत, तिच्यात पाणी घालायचं नसतं. चार्जिंग मात्र सांभाळावंच लागतं. निकामी बॅटरी घरी फोडू नका, शिसं विषारी असतं. नवी घेताना जुनी दुकानदाराला परत द्या.

मृगाच्या आधी बियाण्याची उगवण तपासतो, त्याच दिवशी बॅटरीही तपासा.