शस्त्रक्रियागृहातील मोजणी



पनवेल हे वाटांच्या संगमावर वसलेले गाव. मुंबई-पुणे मार्ग येथून जातो, गोव्याचा मार्ग येथून फुटतो आणि माथेरानच्या पायथ्याच्या वाड्यांतील माणसेही औषधपाण्यासाठी येथेच उतरतात. साहजिकच अपघातात जायबंदी झालेला वाटसरू आणि अडलेली बाळंतीण या दोघांनाही येथील रुग्णालयांचाच आधार वाटतो. रुग्ण बरा झाला म्हणजे नातेवाईक डॉक्टरांचे पाय धरतात, परिचारिकेच्या हाती पेढे ठेवतात. ते योग्यच आहे. शस्त्रक्रियागृह साहाय्यक मात्र तोंडावरच्या पट्टीआड अनोळखीच राहतो.

त्याचे काम रुग्ण आत येण्यापूर्वीच सुरू होते. भूल देण्याचे यंत्र, शोषणयंत्र, दिवे हे सारे तो तपासून ठेवतो. प्राणवायूचे नळकांडे काळे व त्याची मान पांढरी. नायट्रस ऑक्साइडचे निळे. अदलाबदल होऊ नये म्हणून लहान नळकांड्यांच्या झडपांवरील छिद्रांच्या जागाही निराळ्या असतात. तरीही तो स्वतः खात्री करून घेतो. हत्यारे ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सिअसला, दर चौरस इंचास 15 पौंड दाबाने वाफवली जातात. गाठोड्यावरील चिकटपट्टीच्या रेघा काळ्या पडल्या म्हणजे उष्णता लागली एवढेच कळते. जंतू मेल्याची ग्वाही ती पट्टी देत नाही. हा भेद जाणणारा माणूसच तेथे हवा.

परंतु खरी कसोटी मोजणीची. हत्यारे, सुया आणि रक्त टिपण्याच्या कापडी घड्या आरंभी मोजून फळ्यावर लिहितात आणि पोट शिवण्यापूर्वी पुन्हा मोजतात. तीही दोघांनी, मोठ्याने. रक्ताने भिजलेली घडी आतड्यांच्या वळणात दडली तर नजरेला सापडत नाही. म्हणूनच तिच्यात क्ष-किरण चित्रात दिसणारा धागा विणलेला असतो. समजा, 20 घड्या दिल्या आणि 19 परत आल्या. रात्रीचे दोन वाजलेले, शल्यचिकित्सक थकलेले, बाहेर दुसरा रुग्ण खोळंबलेला. अशा वेळी दालनातील हुद्द्याने सर्वांत लहान माणसाने म्हणावे लागते, ''साहेब, एक घडी कमी आहे. टाके थांबवा.'' हे म्हणणे सोपे नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी 19 बाबींची तपासणी-सूची प्रसृत केली. दिल्लीसह जगातील 8 शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. छेद घेण्यापूर्वी उपस्थित प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, अशीही तीत एक बाब आहे. वरवर ती औपचारिक वाटेल. पण ज्याचा आवाज आरंभी ऐकला गेला, त्याला पुढे ''थांबा'' म्हणण्याचे बळ येते.

संसदेने 2021 साली केलेल्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायविषयक कायद्यात शस्त्रक्रियागृह तंत्रज्ञाच्या व्यवसायाचा समावेश झाला. पनवेल महापालिकेच्या हद्दीतील कामोठे येथे या विषयातील पदवीचे शिक्षण मिळते. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलामुलींना ही वाट शिक्षकांनी अवश्य सांगावी. छोट्या रुग्णालयांत केवळ अनुभवाने शिकलेले, हातात कोणतेही प्रमाणपत्र नसलेले जुने साहाय्यक आहेत, त्यांच्या प्रशिक्षणाचे काय, याचा विचार मात्र वेगळा करावा लागेल. कामावरून न काढता त्यांना शिकवता आले, तर ते अधिक बरे.