छातीतली गाठ : घाबरण्याआधी तपासा



स्नेहमेळाव्यात आजारपणाचा विषय कशाला, असं वाटेल. पण आपण सगळे आता साठीकडे झुकलोय. म्हणून एक डॉक्टर या नात्याने चार शब्द बोलतो.

एक्स-रेत फुफ्फुसावर गोल डाग दिसला की घरात 'कॅन्सर' हा एकच शब्द घुमायला लागतो. पण एक्स-रे आणि सीटी स्कॅन गाठीचा आकार दाखवतात, ती कशाची आहे हे दर वेळी ठामपणे सांगू शकत नाहीत. पेट स्कॅनमध्येसुद्धा जंतुसंसर्ग कॅन्सरसारखाच उजळून दिसू शकतो.

आपल्याकडे असं सोंग घेण्यात क्षयरोग पहिला. दुसरी बुरशी. क्षय बरा झाल्यावर उरलेल्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस बुरशीचा गोळा वाढतो आणि खोकल्यातून रक्त पडतं. २०२१ साली गाजलेली म्युकरची बुरशी फुफ्फुसातही शिरते. तिसरा मेलिऑइडोसिस. त्याचे जंतू मातीत आणि पाण्यात असतात. भारतात हा आजार १९९१ मध्ये मुंबईतून नोंदवला गेला. त्यावर क्षयाची औषधं चालत नाहीत. मधुमेह असेल तर यांतल्या बहुतेकांचा धोका वाढतो. तेव्हा शुगर ताब्यात ठेवा.

मग निदान कसं व्हायचं? आधी थुंकीची तपासणी. क्षयासाठी ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. त्यातून उलगडा झाला नाही, तर गाठीचा तुकडा काढून तपासायचा. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही भीती आपल्याकडे फार आहे. प्रत्यक्षात तो धोका अगदी नगण्य आहे. अपवाद हायडॅटिडचा. कुत्र्याच्या विष्ठेतल्या जंताच्या अंड्यांमुळे होणारी ही पाण्याची गाठ. तिची शंका असेल तर डॉक्टर सुई लावणं टाळतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तुकडा फॉर्मेलिनमध्ये घातला की त्यातले जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. म्हणून एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा सलाइनमध्ये पाठवावा लागतो. 'कल्चरला पाठवणार ना?' एवढं तपासणीआधी डॉक्टरांना जरूर विचारा.

याची दुसरी बाजूही आहे. 'क्षयच असेल' म्हणून अंदाजाने महिनोन् महिने गोळ्या घ्यायच्या आणि आत कॅन्सर वाढत राहायचा, असंही घडतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर अजिबात अंगावर काढू नये. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला, थुंकीत रक्त दिसलं किंवा वजन घटलं, तर दवाखाना गाठा.

गाठ कॅन्सरची नाही असं मी म्हणत नाही. कशाची आहे ते कळल्याशिवाय धीर सोडू नका, आणि तपासणीही सोडू नका, एवढंच सांगणं.