दारूविना गोडवा : कोकम आणि औषधी पाल्याची सरबते



वैशाखाच्या अखेरीस कोकणात रातांबे पिकून लाल होतात. काही झाडांखाली त्यांचा सडा पडतो. तेवढ्यात मृगाचा पाऊस येतो आणि राहिलेले फळ कुजून जाते. परसात आल्याचा वाफा असतो, बांधावर गवती चहा माजलेला असतो, मोरीच्या पाण्यावर पुदिना वाढत असतो. या सगळ्यांपासून वर्षभर टिकणारी सिरपे करता येतात. ती एकमेकांत मिसळून लग्नकार्यात, हळदीच्या रात्री, गौरीगणपतीला पाहुण्यांपुढे ठेवता येतील अशी दारूविना पेये कशी करायची, याची माहिती आज आपण घेणार आहोत.

पण कृतीच्या आधी माझी एक चूक सांगतो. नोकरीला लागलो त्याच वर्षीची गोष्ट. सिंधुदुर्गातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांना मी सरबताचे धडे दिले. त्या गावात एका घरी हळद होती आणि घरच्यांनी ठरवले होते की, यंदा मांडवात दारू नाही, सरबत द्यायचे. चाळीस बाटल्यांची मागणी गटाला आली. मी सल्ला दिला, ‘साखर निम्मी घाला, हल्ली लोकांना कमी गोड आवडते. आणि बाटलीत पुदिन्याची दोन पाने सोडा, शोभून दिसतात.’ बाराव्या दिवशी मला बोलावणे आले. माजघरात बाटल्यांची बुचे उडाली होती, दोन बाटल्या फुटल्या होत्या आणि जमिनीवर लाल ओघळ होते. गटातल्या वडीलधाऱ्या मावशी एवढेच म्हणाल्या, ‘सायबांनू, दारू नको म्हणान सरबत केलंव, आणि तेचीच दारू झाली!’

त्या बोलल्या ते शास्त्राला धरूनच होते. फळावर, पानावर, हवेत यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव असतात. पातळ गोड रस मिळाला की ते साखर खातात आणि तिचा अल्कोहोल व वायू करतात. वायूने बूच उडते. साखर भरपूर असली तर मात्र पाणी साखरेने धरून ठेवलेले असते, ते या जीवांच्या वाट्याला येत नाही आणि त्यांची वाढ थांबते. मुरांबा टिकतो तो याच कारणाने. म्हणून फळाच्या सिरपात विरघळलेले घटक किमान ६५ टक्के असावेत, असा दंडक आहे. आमच्या बाटल्यांत ते प्रमाण खूपच खाली गेले होते. शिवाय पुदिन्याच्या पानांबरोबर यीस्ट आणि पाणी दोन्ही आत गेले.

तेव्हापासून मी प्रत्येक सभेत एक वाक्य सांगतो, ते लिहून घ्या : साखर कमी करायची असेल तर ती पेल्यात करा, बाटलीत करू नका.

आता कृती पाहू. दोन्ही सिरपांचे माप एकच आहे, एकास दोन.

कोकमाचे सिरप : पूर्ण पिकलेले, न फुटलेले रातांबे घ्या. स्वच्छ धुऊन फडक्याने कोरडे पुसा. मधोमध कापून बी आणि गर बाजूला काढा. उरलेल्या सालींचे वजन करा. एक किलो सालीला दोन किलो साखर लागेल. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत साखरेचा थर, सालींचा थर, पुन्हा साखर असे भरत जा. सर्वांत वर साखर यावी. रोज एकदा कोरड्या लाकडी डावाने तळापासून हलवा. सात दिवसांत साखर विरघळून दाट लाल पाक सुटतो. तो स्वच्छ फडक्यातून गाळून बाटल्यांत भरा. कोकम फार आंबट असल्याने ॲल्युमिनियम, तांबे किंवा पितळेचे भांडे वापरू नये. गाळून उरलेल्या साली उन्हात वाळवा, मुले आवडीने खातात. बिया धुऊन वाळवा, त्यांपासून भेगांवर लावायचे कोकमतेल निघते.

गवती चहा आणि आल्याचे सिरप : एक लिटर पाणी उकळून खाली उतरवा. त्यात ४० ग्रॅम गवती चहा कापून आणि ५० ग्रॅम आले ठेचून घाला. लगेच झाकण ठेवा. पाल्याचा वास वाफेबरोबर उडून जातो, घरभर सुगंध सुटला म्हणजे तेवढा भांड्यातून गेला असे समजा. वीस मिनिटांनी गाळा. गाळलेले पाणी पुन्हा मोजा. दर लिटरला दोन किलो साखर घालून ढवळत एक उकळी आणा, मळी काढा. दोन लिंबांचा रस घाला, म्हणजे साखरेचे खडे लवकर धरत नाहीत. गरम असतानाच बाटल्यांत भरून झाकणे लावा.

पुदिन्याला जास्त आच सोसत नाही, तो काळा पडतो आणि वासही बिघडतो. म्हणून साध्या पाण्याचा एकास दोन पाक करून खाली उतरवा. धुऊन पूर्ण निथळलेला मूठभर पुदिना फडक्यात बांधून त्या गरम पाकात दहा मिनिटे झाकून ठेवा, मग पुरचुंडी काढून टाका. पाकाला पुन्हा एक चटका द्या आणि भरा. वाळ्याची मुळे मात्र माती जाईपर्यंत धुऊन रात्रभर पाण्यात भिजवावीत आणि सकाळी त्या पाण्याला उकळी आणून, गाळून पाक करावा. कोणताही पाला असो, वास पाकात उतरला की त्याचे काम संपले. बाटलीत पान, काडी, मूळ काहीही राहू देऊ नका.

बाटल्या काचेच्या घ्या. थंड पाण्यात ठेवून तापवत न्या आणि वीस मिनिटे उकळा. पूर्ण कोरड्या करून लाकडी फळीवर ठेवून भरा, थंड फरशीवर तडकतात. वर दोन बोटे जागा सोडा.

विकायचे असेल तर अंदाजाने चालणार नाही. गटाने मिळून हातात धरायचे रिफ्रॅक्टोमीटर घ्यावे. घेताना त्याची पट्टी ६५ च्या पुढे जाते ना, हे बघून घ्या. काचेवर थेंब टाकला की आकडा दिसतो. ६५ च्या खाली असेल तर साखर वाढवा. दोन्ही सिरपे ६५ ची असली तर ती कशीही मिसळा, मिश्रण ६५ चेच राहते. कोकमात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालू नका, त्याने लाल रंग उडतो. परिरक्षक घालायचाच तर सोडियम बेन्झोएट, तोही दहा किलो सिरपाला पाच ग्रॅम, थोड्या पाण्यात विरघळवून. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी करून घ्या आणि लेबलावर घटक व तारीख लिहा.

आता पेला भरू. २०० मिलीच्या पेल्याला ३० मिली सिरप पुरते.

पहिले पेय : कोकम २० मिली, गवती चहा-आले १० मिली, चिमूटभर सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि गार पाणी.

दुसरे : पुदिना ३० मिली, अर्धे लिंबू, चिमूटभर मीठ आणि सोडा. सोडा शेवटी ओता, ढवळू नका.

तिसरे : वाळा ३० मिली, अर्धे लिंबू, एक चमचा भिजवलेला सब्जा आणि गार पाणी.

शोभेचे पुदिन्याचे पान इथे घाला, पेल्यात. शंभर माणसांना तीन लिटर सिरप आणि सुमारे सतरा लिटर पाणी लागेल. पाणी उकळून गार केलेले असावे. बर्फही पिण्याच्या पाण्याचाच घ्या. मासळीसाठी आणलेला बर्फ पेल्यात पडू देऊ नका, मांडवाच्या गडबडीत ही चूक हमखास होते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ३० मिली सिरपात सुमारे २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. मधुमेह असलेल्यांना हे देऊ नये. त्यांच्यासाठी पाण्यात गवती चहा व आले उकळून, गार करून, त्यात चमचाभर कोकमाचे आगळ आणि जिरेपूड घालावी. आगळात मीठ असते, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी तेही बेताने घ्यावे.

त्या मावशींच्या गटाने पुढच्या हंगामात एकास दोन मापाने पुन्हा सिरप केले. मी तराजू घेऊन बसलो होतो. पहिली साखर त्यांनी माझ्याकडून दोनदा मोजून घेतली आणि ते योग्यच होते. त्या बाटल्या पुढचा शिमगा होईपर्यंत जशाच्या तशा टिकल्या. गावात मांडवात सरबत ठेवायचे कोणी ठरवले तर ते शेवटच्या पाहुण्यापर्यंत सरबतच राहिले पाहिजे, एवढी जबाबदारी करणाऱ्याची आहे.

यंदा रातांबे पिकले की पहिल्या वेचणीच्या एक किलो सालींचे सिरप करून बघा. साखर मात्र तराजूने मोजा.