अल्पसंख्याक शाळा आणि शिक्षकांचे हक्क



इथे बसलेले बरेच जण कामगार घरांतले आहेत. पिंपरी-चिंचवड, चाकणमध्ये युनियन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. 2013 साली बजाजच्या चाकण कारखान्यातला संप 50 दिवस चालला, तो तुमच्या आठवणीत असेल. पण त्याच कामगाराची मुलगी बी.एड. होऊन खासगी शाळेत लागली, की युनियनचं नाव काढायला घाबरते. तिच्याकडे नेमणुकीचं पत्र नसतं. खात्यावर जमा झालेल्या पगारातली काही रक्कम रोखीनं परत द्यावी लागते, असं शिक्षिका मला खासगीत सांगतात.

कायद्याची एक अडचण खरी आहे. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात 1988 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला ‘कामगार’ नाही. पण महाराष्ट्रात 1977 चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आहे. शाळा अनुदानित असो वा विनाअनुदानित, मान्यताप्राप्त असली की तो लागू होतो. नोकरीवरून काढलं किंवा पदावनत केलं, तर 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. ग्रॅच्युइटीचा हक्कही 2009 च्या दुरुस्तीनं शिक्षकांना मिळाला आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. संघटना करण्याचा अधिकार तर घटनेच्या कलम 19 नेच दिला आहे.

आता आपल्या घरातलं बोलू. आपल्या समाजाच्या काही संस्थांचे चालक म्हणतात, “आमची शाळा अल्पसंख्याक आहे, आम्हाला हे नियम नाहीत.” हे चूक आहे. 1977 च्या कायद्यात अल्पसंख्याक शाळेला सूट आहे, ती मुख्याध्यापक आणि संस्थेनं कळवलेल्या जास्तीत जास्त तीन जणांच्या भरतीपुरती. बाकी शिक्षकांना संरक्षण आहेच. कलम 30 नं समाजाला शाळा चालवण्याचा हक्क दिला, शिक्षिकेला राबवून घेण्याचा नव्हे. “कौमची खिदमत आहे, पगाराचं काय काढता?” हे वाक्य बहुधा बाईलाच ऐकवलं जातं.

एकटी शिक्षिका घाबरते आणि तेवढ्यात 30 दिवस निघून जातात. म्हणून संघटनेत या. नेमणुकीचा लेखी आदेश मागा, पगाराचे कागद जपून ठेवा. आणि इथे जे संस्थाचालक बसले आहेत, त्यांनी उद्याच आपल्या शाळेतली नेमणूकपत्रं तपासावीत, एवढीच विनंती.