बिल नको, रोख द्या?

पावसाळ्याआधी घराची डागडुजी निघते. ठेकेदार म्हणतो, "ताई, पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी. रोख द्या, तेवढे वाचतील." आमच्या गटातल्या एका ताईंनी गटाचं कर्ज काढून असेच ६०,००० रुपये दिले. पहिल्याच पावसात स्लॅब गळला. ठेकेदार म्हणाला, "कुठलं काम? कुठले पैसे?" ताईंकडे साधी चिठ्ठीही नव्हती. १०,८०० वाचवायला गेलो आणि ६०,००० पाण्यात गेले. कर्जाचा हप्ता मात्र चालूच आहे.

अशा कामाची तक्रार २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे करता येते, पण पुरावा लागतो. शिवाय कर बुडवण्यात आपलाही हात लागतो.

वर्षाला २० लाखांच्या आत काम करणाऱ्या गवंड्याला जीएसटी नोंदणी लागत नाही. तो कर लावू शकत नाही, पण सहीची पावती नक्की देऊ शकतो. नोंदणी असेल, तर बिलावर जीएसटी नंबर बघा.

आता आम्ही गटात ठरवलंय: आधी लेखी अंदाजपत्रक, पैसे बँकेतून टप्प्याटप्प्याने आणि शेवटचा टप्पा पहिला पाऊस पाहूनच. तुम्हीही पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.