कस्टमच्या परीक्षेआधीच्या परीक्षा

(जुने शहर, अकोला येथे महिला कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुलींच्या अर्थार्जनाचा विषय निघाला की शिवणकाम, पापड, ब्यूटी पार्लर, फार तर डी.एड. आणि नर्सिंग, यापुढे आपली यादी सरकत नाही. आज मी एका वेगळ्याच परीक्षेबद्दल बोलणार आहे. ती आहे कस्टम ब्रोकरच्या परवान्याची परीक्षा. २०१३ पर्यंत याच व्यावसायिकाला कस्टम हाऊस एजंट म्हणत. आयात-निर्यात करणाऱ्यांच्या वतीने सीमाशुल्क खात्यात कागदपत्रे दाखल करायची, शुल्काचा हिशेब मांडायचा आणि माल सोडवून द्यायचा, हे त्याचे काम. दुसऱ्याच्या वतीने हे काम करायला सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १४६ नुसार परवाना लागतो.

मोर्णेच्या काठी राहणाऱ्या आपल्या मुलींचा आणि बंदराचा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध जुना आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला इंग्लंडच्या गिरण्यांतून मागणी आली. तेव्हापासून आपल्या कापसाचा भाव समुद्रापलीकडच्या घडामोडींवर हलत आला आहे. अलीकडचे उदाहरण घ्या. केंद्र सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले. आधी ही सवलत ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आपला कापूस बाजारात येण्याचे दिवस नेमके त्यात सापडले. वेचणी करणाऱ्या बाईला या अधिसूचनेचा पत्ताही नव्हता. असा कागद वाचून त्याचा अर्थ सांगणारी बाई आपल्यात असावी, हे मला कमाईइतकेच महत्त्वाचे वाटते.

आमच्या अभ्यासवर्गात काही वाणिज्य पदवीधर मुली येतात. कुणी मराठी माध्यमाची, कुणी उर्दू. मी समाजकार्य शिकलेली. करांचा कायदा मीही त्यांच्याबरोबरच वाचते आहे. लेखी परीक्षा राष्ट्रीय सीमाशुल्क, अप्रत्यक्ष कर आणि अमली पदार्थ अकादमी घेते. संगणकावर १५० प्रश्न, वेळ अडीच तास, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकले तर १ वजा. ४५० पैकी २७० मिळवायचे. नंतर १०० गुणांची तोंडी परीक्षा, तिच्यात ६० हवेत. भाषा इंग्रजी किंवा हिंदी. आम्ही हिशेब करून पाहिला. १०० बरोबर आणि ३० चूक, तरी मुलगी पास होते. ९० बरोबर आणि बाकीचे सगळे कोरे सोडले, तरीही पास. हे आकडे फळ्यावर मांडले तेव्हा मुलींची भीती निम्मी उतरली.

सर्वांत अवघड वाटते ते मालाचे वर्गीकरण. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो आणि त्यावर शुल्क ठरते. आम्ही सुरुवात घरातूनच केली. न पिंजलेला कापूस ५२०१, पिंजलेला ५२०३, सूत ५२०५. सरकी मात्र १२०७ मध्ये, सरकीचे तेल १५१२ मध्ये आणि ढेप २३०६ मध्ये. एकाच बोंडातून निघालेल्या वस्तू चार वेगवेगळ्या प्रकरणांत का गेल्या, यावर एक अख्खी संध्याकाळ वाद झाला. ज्या मुलीचे वडील जिनिंगमध्ये काम करतात, तिने त्या दिवशी सर्वांना शिकवले.

म्हणजे अभ्यासक्रम मुलींच्या आवाक्यातला आहे. अडचण त्याआधीच्या अटींत आहे, आणि तिथे आपले काम सुरू होते.

२०१८ च्या नियमावलीप्रमाणे उमेदवार पदवीधर हवी. त्याशिवाय लेखा, वित्त किंवा व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदवी, एल.एल.बी. यांसारखी व्यावसायिक पात्रता हवी. नाहीतर जी-कार्डधारक म्हणून दोन वर्षांचा अनुभव. जी-कार्ड म्हणजे परवानाधारकाकडे नोकरी करून, खात्याची छोटी परीक्षा देऊन मिळणारे ओळखपत्र. अशी नोकरी शोधायला नागपूर किंवा न्हावा शेवा गाठावे लागते. मग घरून उत्तर येते, "पोरीच्या जातीले बंदरावर धाडू काय?" त्यांना सांगा, कागदपत्रे आता संगणकावरून दाखल होतात. ३१ ऑक्टोबर २०२० पासून देशभर चेहराविरहित शुल्कनिर्धारण आहे, कागद तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असतो. मालाच्या तपासणीला जावे लागते, हेही लपवू नका. त्यासाठी गावाबाहेर राहण्याची सुरक्षित सोय हवी. ती मागणी आपली आहे.

दुसरी अट मला अधिक बोचते. अर्जदाराकडे किमान ५ लाख रुपयांची मालमत्ता असल्याचा शेड्यूल्ड बँकेचा दाखला किंवा खात्याला मान्य होईल असा पुरावा लागतो. नियमात स्त्री-पुरुष असा भेद नाही. पण मालमत्ता कुणाच्या नावावर असते? आमच्या वर्गातल्या एकीने मागच्याच वर्षी भावाला हक्कसोडपत्र करून दिले. "माहेर तुटू नये" म्हणून तिने सही केली. सहीच्या वेळी पेढे वाटले गेले. या वर्षी दाखल्याची अट वाचून ती गप्प बसली. महाराष्ट्रात हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून समान हक्क आहे. मुस्लिम मुलीचा वारसाहिस्सा भावाच्या निम्मा असला तरी तो ठरलेला आहे, आणि मेहर तर पूर्णपणे तिचाच. कायद्याने दिलेले हे हक्क आपण रीतिरिवाजाच्या नावाखाली परत करतो, आणि मग पोरी अर्जाच्या पहिल्याच पानावर अडतात.

तिसरी गोष्ट परवाना मिळाल्यानंतरची. २०२१ पासून परवान्याचे नूतनीकरण करावे लागत नाही. मात्र सलग एक वर्ष काम बंद राहिले तर परवाना अवैध ठरतो. आयुक्तांना तो पुन्हा चालू करण्याचा अधिकार आहे. बाळंतपण आणि तान्हे मूल हे वर्ष कुणाच्या वाट्याला येते, हे मी तुम्हाला सांगायला नको. या कारणासाठी सूट नियमातच लिहिलेली असावी, असे निवेदन आपण अर्थ मंत्रालयाकडे पाठवू या.

तेव्हा माझी विनंती अशी. प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या वाणिज्य आणि कायद्याच्या पदवीधर मुलींची यादी करावी. संध्याकाळी दोन तास बसता येईल अशी एक खोली आणि एक संगणक मिळवावा; घरात पोरीला अभ्यासाला कोपरा मिळत नाही. परीक्षेची जाहिरात निघाली की अटी सगळ्यांनी मिळून वाचाव्यात. आणि वस्तीत कुठेही हक्कसोडपत्राची बोलणी सुरू झाली, तर त्या मुलीने सही करण्याआधी आपल्यापैकी एकीने तिच्याशी बोलावे. यादीची नावे पुढच्या बैठकीला घेऊन या.