परतीच्या वाटेवरचा कामगार



मालवणला आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि मुंबईचा चाकरमानी आपल्या ट्रंक-वळकटीसह पडावात उतरून किनारा गाठी. 11 नोव्हेंबर 1927 रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. 17 जुलै 1947 रोजी रेवसकडे निघालेल्या 'रामदास'ने सहाशेंहून अधिक माणसे समुद्राच्या तळाशी नेली. गिरणीतील मजुरीसाठी युनियन भांडत होती. गिरणीपासून घरापर्यंतच्या वाटेवर मात्र त्या माणसाचा कैवारी कोणी नव्हता. प्रवास ही त्याची खासगी बाब मानली गेली.

प्रा. मधु दंडवते याच किनाऱ्याचे खासदार. 1977 मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांनी गाद्या घातल्या. ही सुधारणा किरकोळ वाटेल त्याने तशा फळीवर एक रात्र काढून पाहावी. कष्टकऱ्याची प्रतिष्ठा कारखान्याच्या फाटकाशी संपत नाही, हा विचार त्यामागे होता.

2020 च्या मार्चमध्ये या विचाराची कसोटी लागली. चार तासांच्या सूचनेवर देश बंद झाला. मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीत अडकलेला चाकरमानी परवान्यासाठी धडपडत खारेपाटणच्या नाक्यावर आला, तेव्हा त्याच्याकडे संशयाने पाहिले गेले. कोठे गावच्या वाटेवर दगड आणि फांद्या आडव्या पडल्या. ज्याच्या मनीऑर्डरीवर घराची कौले शाकारली गेली, तोच शाळेच्या वर्गात चौदा दिवस परका म्हणून राहिला. साथीचे भय खरे होते आणि विलगीकरणही आवश्यक होते. परंतु रोगाला दूर ठेवणे आणि माणसाला झिडकारणे या भिन्न गोष्टी आहेत. 22 ऑगस्टच्या गणेश चतुर्थीसाठी तो विलगीकरणाचे दिवस मोजूनच निघाला. त्या वर्षीची ही जखम कोकणात अनेक घरांत अद्याप ओली आहे.

म्हणूनच याच जिल्ह्याने एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. देवगडच्या हापूसच्या बागांत फवारणी आणि राखण करणारा नेपाळी, मालवणच्या ट्रॉलरवर जाळे ओढणारा नेपाळी वा कर्नाटकी खलाशी, यांच्या परतीचे त्या वेळी काय झाले? आंब्याचा हंगाम सरला, तरी नेपाळने मार्चमध्येच सीमा बंद केलेली होती. घराच्या ओढीने काही नेपाळी मजुरांनी धारचुल्याजवळ महाकाली नदीत उड्या टाकल्या आणि पोहून पलीकडचा काठ गाठला. 8 मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले मध्य प्रदेशचे सोळा कामगार मालगाडीखाली चिरडले गेले. श्रमिकांकडून रेल्वेचे वा बसचे भाडे घेऊ नये, प्रवासात अन्नपाणी द्यावे, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले तेव्हा 28 मे उजाडला होता.

साथ नसतानाही ही वाट निर्धोक नसते. 1 जूनला मासेमारी बंद होते. जेथे उचल फेडून हंगामाअखेरीस हिशेब होतो, तेथे खलाशी वर्षाची कमाई अंगावर बाळगून कुडाळला वा कणकवलीला गाडीत शिरतो आणि बनबसासारख्या नाक्यापर्यंत जातो. या दोन-तीन दिवसांत तो सर्वाधिक सधन आणि सर्वाधिक निराधार असतो. जेथे हिशेबच अडवून ठेवला जातो, तेथे तर त्याची परत जाण्याची मोकळीकच मालकाच्या हाती राहते.

जनता राजवटीत 1979 मध्ये झालेल्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने प्रवासाचे भाडे, प्रवासकाळाची मजुरी आणि विस्थापन भत्ता हे हक्क म्हणून मान्य केले होते. तो कंत्राटदारामार्फत आणलेल्यांपुरता होता, अंमलही दुबळा होता; पण वाट हा श्रमाचाच भाग आहे, हे तत्त्व त्यात होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या संहितेत स्वतःहून आलेला कामगारही मोजला जातो आणि जाण्या-येण्याचे भाडेही आहे. मात्र विस्थापन भत्ता गेला, आणि हा भाग असे दहा कामगार असलेल्या आस्थापनेलाच लागू होतो. एका होडीवर किंवा एका बागेत असे दहा कितीदा सापडणार? नेपाळी तर कोणत्याच 'राज्यातून' आलेला नाही, म्हणून तो या व्याख्येत बसतच नाही. 1950 चा भारत-नेपाळ करार त्याला ये-जा करू देतो. परतीच्या भाड्याची हमी देत नाही.

कायदा दुरुस्त होण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मच्छीमार सहकारी सोसायट्या आणि ग्रामपंचायती खलाशांची व बागेतील गड्यांची नोंद ठेवू शकतात, हिशेब साक्षीदारांसमोर आणि शक्यतो बँक खात्यावर चुकता करायला लावू शकतात, तिकिटाचा खर्च मालकाच्या खात्यात धरू शकतात. मालक पुष्कळदा स्वतःच कर्जात बुडालेला गाबीत वा लहान बागायतदार असतो. त्याच्याशी वैर न धरता हे करावे लागेल. कार्यकर्त्यांनी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बंदरावर आणि कुडाळ स्थानकाच्या फलाटावर उभे राहून प्रत्येकाला एवढेच विचारावे : हिशेब पुरा मिळाला काय, आणि तिकीट कोणी काढले?